सकाळी उत्पत्ती, दुपारी उत्क्रांती

ख्रिस्ती शाळांमध्ये सहावी ते आठवीला शिकवणाऱ्यांचे प्रश्न मागवले होते. आले भरपूर, आणि बहुतेकांचं दुखणं एकच निघालं, की विज्ञानही मीच शिकवायचं आणि बायबलचा तासही माझ्याच गळ्यात. मी बरीच वर्षं हे दोन्ही तास घेतलेत त्यामुळे उत्तरं देताना जरा सुटतेच, सांभाळून घ्या. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: ताई, मी विज्ञानाची पदवीधर, शाळेत विज्ञानासाठीच लागले, पण यंदा धर्मशिक्षणाच्या टीचर सोडून गेल्या आणि तो तासही मला दिला. पहिल्या तासाला बायबलमधल्या 'उत्पत्ती' पुस्तकाचा पहिला अध्याय, सहा दिवसांत सृष्टी, आणि मधल्या सुट्टीनंतर त्याच वर्गात पृथ्वी साडेचार अब्ज वर्षांची. एका मुलीने सरळ विचारलं, टीचर, मग यातलं खरं कोणतं? मी म्हटलं उद्या सांगते. तो उद्या काही उगवत नाहीये. काय सांगू?

उत्तर: उद्यावर ढकलत राहिलात तर मुलं उत्तर स्वतःच ठरवतात, आणि ते बहुतेक असं असतं की टीचरलाही माहीत नाही किंवा टीचर घाबरतेय. पुढच्याच तासाला विषय काढा.

दोन गोष्टी मात्र करू नका. एक, 'दोन्ही खरं आहे बाळा' म्हणून पान उलटणं. दुसरी, 'हे पेपरात लिहायचं, ते मनात ठेवायचं' असं सांगणं. ही दुसरी तर फारच वाईट, त्यातून मूल एवढंच शिकतं की शाळेत बोलायचं एक आणि मानायचं भलतंच.

त्यापेक्षा बायबल उघडून हातात द्या. खरंच. अर्धा गोंधळ मूळ मजकूर न वाचल्यामुळे होतो, सगळ्यांना गोष्ट ऐकूनच माहीत असते. वहीत दोन रकाने आखायला सांगा, डावीकडे पहिला दुसरा तिसरा दिवस, उजवीकडे चौथा पाचवा सहावा, आणि कोणत्या दिवशी काय झालं ते भरायला लावा. पहिल्या दिवशी उजेड आणि अंधार, त्याच्यासमोर चौथ्या दिवशी सूर्य चंद्र तारे. दुसऱ्या दिवशी आकाश आणि पाणी, समोर पाचव्याला पक्षी आणि मासे. तिसऱ्याला कोरडी जमीन आणि झाडं, समोर सहाव्याला जमिनीवरचे प्राणी आणि माणूस. वर्गात कोणीतरी ओरडतंच, टीचर, आधी जागा केल्या आणि मग त्यात राहणारे आणले! आणि मागच्या बाकावरून हमखास येतं, सूर्य चौथ्या दिवशी तर पहिले तीन दिवस मोजले कशावर? हीच शंका तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने काढलेली आहे, आणि पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टिनने उत्पत्तीवर मोठं भाष्य लिहिलं तेव्हा त्यालाही हे दिवस आपल्या चोवीस तासांच्या दिवसांसारखे वाटले नाहीत. डार्विनचं पुस्तक आलं १८५९ मध्ये. म्हणजे विज्ञानाने कोंडीत पकडलं म्हणून घाईघाईने अर्थ बदलला असं निदान इथे तरी म्हणता येत नाही. मग दुसरा अध्याय वाचा, तिथे क्रमच वेगळा, माणूस आधी, मग बाग, मग प्राणी. ज्यांनी हे दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवले त्यांनाही वाचता येत होतं हो, बांधकामाचा क्रम सांगणं हाच हेतू असता तर त्यातला एक त्यांनी नक्की गाळला असता.

हे झालं की दुपारी पृथ्वीचं वय शिकवा, आणि आवाजात कसलीही दिलगिरी नको. क्लेअर पॅटरसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये उल्कापाषाणातल्या शिशाची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजून ४.५५ अब्ज वर्षं हा आकडा काढला, आज आपण ४.५४ म्हणतो, म्हणजे इतकी वर्षं तपासून आकडा जवळपास तिथेच आहे. 'शास्त्रज्ञांचं म्हणणं असं आहे बरं का' असं पुटपुटत शिकवलं की मुलांना लगेच कळतं.

त्या मुलीला मी सांगेन की किती वर्षं लागली, कशापासून झालं, कोणत्या प्रक्रियेने झालं हे खडकाला विचारायचं. हे कोणाचं आहे, चांगलं आहे का, आणि माझी त्यात जागा काय, हे तो अध्याय सांगतो. आता हेही कबूल करते की ही वाटणी दरवेळी इतकी स्वच्छ होत नाही. नोहाच्या जलप्रलयावर मुलं विचारणारच, सगळी पृथ्वी बुडाली होती का, आणि हा प्रश्न चक्क भूशास्त्राचा आहे, उत्तर असं की सगळ्या जगावर एकाच वेळी आलेल्या पुराचा पुरावा खडकांत नाही. सांगून टाका. त्या कथेत न्याय आणि दयेबद्दल जे आहे ते धर्माच्या तासाला सांगायला मोकळं राहतंच.

एक मोह मात्र टाळा, विज्ञानाने देव सिद्ध करायचा. महास्फोटाची कल्पना ज्याच्याकडून आली तो जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. विश्व प्रसरण पावतंय हा त्याचा पेपर १९२७ चा, आणि सुरुवातीच्या 'आदिअणू'ची कल्पना १९३१ ची. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी भाषणात हा सिद्धांत निर्मितीच्या शिकवणीशी जोडला, तर लमेत्रलाच ते पटलं नाही, त्याचं म्हणणं की माझा सिद्धांत धर्माच्या प्रश्नाच्या बाहेर आहे, आस्तिकानेही तो वापरावा आणि नास्तिकानेही. झगा घातलेल्या माणसाने जे टाळलं ते आपण खडू हातात घेऊन कशाला करायचं.

आणि आजच एक काम करा, शाळेची अधिकृत भूमिका काय ते मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या. ख्रिस्ती शाळा सगळ्या एका मताच्या नसतात. कॅथलिक शाळेत उत्क्रांती शिकवायला अडचण यायचं कारण नाही, १९५० मध्येच पोपनी मानवी शरीराच्या उगमावर संशोधनाला वाट मोकळी ठेवली, आत्मा मात्र देवाकडून हे कायम ठेवून, आणि १९९६ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही नुसत्या गृहीतकापेक्षा जास्त आहे असं म्हटलं. पण काही प्रोटेस्टंट शाळा पृथ्वी काही हजार वर्षांचीच मानतात आणि नोकरीवर घेताना श्रद्धापत्रकावर सही घेतात. तिथे तुम्हाला हे शिकवताच येणार नसेल तर ते आत्ता कळलेलं बरं.

प्रश्न: आठवीच्या चाचणीत 'पृथ्वीचं अंदाजे वय किती?' असा प्रश्न होता. एका मुलाने ६,००० वर्षं लिहिलं आणि खाली टीप, कार्बन डेटिंग चुकतं. मी शून्य दिला. वडील भेटायला आले, माणूस शांत आहे, पण म्हणाले सर, तुम्ही आमच्या श्रद्धेला शून्य दिलात. मुख्याध्यापक म्हणतात अर्धा मार्क देऊन विषय संपवा.

उत्तर: अर्धा मार्क कशाचा, सर? शून्य बरोबर आहे, तसाच ठेवा. पण पुढच्या वेळी प्रश्न बदला. 'किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून शास्त्रज्ञ पृथ्वीचं वय किती काढतात आणि कसं?' असं विचारा. यात मुलाला स्वतः काय मानतो हे जाहीर करावं लागत नाही, पद्धत समजली की नाही एवढंच तुम्ही तपासता, आणि वडिलांच्या तक्रारीतलं जे खरं आहे तेही मिटतं.

टीपेबद्दल म्हणाल तर पोरगं अर्धं बरोबर आहे! कार्बनने पृथ्वीचं वय कोणी काढतच नाही. कार्बन-१४ चं अर्धायुष्य, म्हणजे त्यातला निम्मा संपायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं, दहा अर्धायुष्यं गेली की मूळच्या हजाराव्या भागाहून कमी उरतो, त्यामुळे साधारण ५०,००० वर्षांपलीकडे तो उपयोगाचा नाही. खडकांसाठी युरेनियम, त्यातल्या युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य ४.४७ अब्ज वर्षं. हे वर्गात नाण्यांनी करून दाखवा, शंभर नाणी डब्यात हलवून टाकायची, छापा पडलेली बाजूला काढायची, उरलेली मोजायची, परत टाकायची. पन्नासच्या आसपास, मग पंचवीस, मग बारा-तेरा. कोणतं नाणं कधी जाईल ते सांगता येत नाही पण एकूण किती उरतील ते येतं, आणि हे एकदा मुलांच्या हाताला कळलं की आलेखावर वाद घालावा लागत नाही. आधी सांगायचं नाही, अंदाज लिहून घ्यायचा.

वडिलांशी बोलताना सहा हजारची खिल्ली उडवू नका. हा आकडा बायबलमध्ये कुठेच छापलेला नाही, वंशावळीतली वयं आणि राजांच्या कारकिर्दी जुळवून लोकांनी काढलेला आहे. सगळ्यात गाजलेला हिशोब आर्चबिशप जेम्स अशर यांचा, १६५० चा, त्यांनी निर्मिती इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये धरली. अशर मूर्ख नव्हते, त्यांच्या काळात हाताशी जी साधनं होती त्यांवर केलेलं ते गंभीर काम होतं. फक्त खडक मोजायची सोय तेव्हा नव्हती. असं बोललात की निदान चहा संपेपर्यंत तरी गोष्ट शांतपणे होते.

प्रश्न: मुलांना चमत्कार पटावेत म्हणून मी विज्ञानाने समजावते, उदाहरणार्थ समुद्र दुभंगला तो जोरदार वाऱ्यामुळे. बरोबर आहे ना?

उत्तर: नका करू. वारा तर बायबलच्या 'निर्गम' पुस्तकातच लिहिलेला आहे, रात्रभर पूर्वेचा वारा, त्यामुळे तो शोध आपला नाही. पण त्यापुढे आपण जी जुळवाजुळव करतो तिला पुरावा काही नसतो, म्हणजे विज्ञान म्हणून ते कच्चं, आणि श्रद्धावानाला ज्यात देवाचा हात दिसतो ती घटना आपण हवामानाचा योगायोग करून ठेवतो. दोन्हीकडून नुकसान. मुलांना एवढं सांगा की प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा घडवता येतं ते आपण तपासतो, एकदाच घडलं असं सांगितलं जातं त्याचा विचार साक्ष आणि इतिहास या अंगाने करायचा असतो. पाण्याचा द्राक्षारस झाला त्याचं रासायनिक समीकरण मांडायला जाऊ नका, कार्बन कुठून आला यावरच सगळा तास जाईल.

प्रश्न: माझ्या वर्गात निम्मी मुलं ख्रिस्ती नाहीत. धर्माच्या तासाला ती गप्प बसतात. मार्क कसे द्यायचे?

उत्तर: 'आपण मानतो' च्या जागी 'ख्रिस्ती लोक मानतात' म्हणायला लागा, एवढ्याने वर्गातली हवा बदलते. मार्क माहितीचे आणि विचार मांडण्याचे, श्रद्धेचे नाहीत. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात पैसे उडवून परतलेल्या धाकट्याचं बापाने स्वागत केलं म्हणून मोठा भाऊ रागावतो, तो राग योग्य होता का, यावर कोणतंही मूल झकास लिहू शकतं आणि बऱ्याचदा बाहेरचं मूलच चांगलं लिहितं कारण त्याला 'अपेक्षित' उत्तर पाठ नसतं. प्रार्थनेला मार्क, चर्चला येण्याला मार्क असलं काही असेल तर बंद करा. आणि कोणाला उभं करून 'तुमच्यात काय म्हणतात सांग' हे तर अजिबात नको, बारा वर्षांचं पोर सगळ्या धर्माचा प्रवक्ता नसतं. तासाला बसायचं की नाही याची मुभा असेल तर ती पालकांना वर्ष सुरू होतानाच कळवा.

प्रश्न: सहकारी म्हणतात गॅलिलिओचा विषय ख्रिस्ती शाळेत काढूच नये, शाळेची बदनामी होते.

उत्तर: तुम्ही नाही काढला तर मुलं फोनवर पाहतील, आणि तिथे त्याला जाळलं वगैरे सांगितलेलं सापडेल. जाळलं नाही, १६३३ मध्ये खटला झाला, पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मत मागे घ्यायला लावलं आणि १६४२ मध्ये मरेपर्यंत घरात नजरकैदेत ठेवलं. 'तरीही ती फिरतेच' हे वाक्य तो खटल्यात बोलला ही दंतकथा. हे सगळं स्पष्ट सांगायचं, चर्चची चूक होती हेही, १९९२ मध्ये खुद्द पोप जॉन पॉल दुसरे यांनी ते मान्य केलंय, आपण कशाला झाकायचं.

आता विज्ञानशिक्षक म्हणून मला यातला आवडता भाग वेगळाच आहे. गॅलिलिओ बरोबर होता पण त्याचा लाडका पुरावा चुकीचा होता! भरती-ओहोटी पृथ्वीच्या फिरण्याने येते असं तो मांडत होता. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तर जवळचे तारे वर्षभरात किंचित सरकलेले दिसायला हवेत, ते सरकणं बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने मोजलं १८३८ मध्ये, म्हणजे खटल्यानंतर दोनशेहून जास्त वर्षांनी. तेव्हा वर्गाला विचारा, पुरावा अर्धवट असताना तुम्ही काय म्हणाला असता, आणि पुरावा अर्धवट आहे म्हणून माणसाला गप्प बसवणं चालेल का. दोन गट करा आणि बाजूला व्हा. पृथ्वी केंद्रस्थानी नाही हे १५४३ मध्ये छापणारा कोपर्निकस चर्चचाच पदाधिकारी होता, तेही कोणीतरी वादात आणेलच.

प्रश्न: दोन्ही विषय जोडून काही प्रोजेक्ट देता येईल का? पोस्टर सोडून काहीही सांगा.

उत्तर: पोस्टर सोडून म्हणालात म्हणून तुम्हाला शंभर मार्क. ईस्टरची, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाची तारीख घ्या. दरवर्षी बदलते, का बदलते हे ख्रिस्ती घरातल्या मुलांनाही माहीत नसतं. नियम असा की २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, म्हणून पाश्चात्त्य चर्चचा ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मध्येच कुठेतरी येतो. मुलांना चंद्राच्या तारखा देऊन पाच-सहा वर्षांचे ईस्टर काढायला लावा, आणि त्यात २०१९ मुद्दाम घाला. त्या वर्षी २१ मार्चला पौर्णिमा होती, मुलं म्हणतील ईस्टर २४ मार्चला, आणि कॅलेंडरमध्ये निघेल २१ एप्रिल! कारण चर्च आकाशातला चंद्र बघत नाही, कोष्टकातला बघतं, आणि कोष्टकात ती पौर्णिमा २० मार्चची होती. मोजलेलं आणि मॉडेल यातला फरक शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी मिळालेलं नाही.

तिथून कॅलेंडरवर जा. ज्युलियन, म्हणजे जुन्या रोमन कॅलेंडरचं वर्ष ३६५.२५ दिवसांचं, ऋतूंचं खरं वर्ष साधारण ३६५.२४२२ दिवसांचं, किती वर्षांत एक दिवस चुकेल ते मुलांनाच काढू दे, १२८ च्या आसपास येतं. ही चूक साचत साचत वसंतसंपात, म्हणजे मार्चमधला दिवस-रात्र सारखे असण्याचा दिवस, ११ मार्चपर्यंत मागे आला, ईस्टर बिघडला, म्हणून १५८२ मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी दहा दिवस उडवले, ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर. त्या दहा दिवसांत कोणाचा वाढदिवस असता तर, यावर सहावीचा वर्ग अर्धा तास बोलू शकतो, बोलू द्या.

आणि हात काळे करायचे असतील तर सूर्य मोजा. इटलीतल्या बोलोन्याच्या सान पेत्रोनिओ चर्चमध्ये छताला एक भोक आहे आणि जमिनीवर ६७ मीटर लांबीची रेषा, भर दुपारी सूर्याचा ठिपका त्या रेषेवरून जातो. खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीने ती १६५५ मध्ये आखली, ईस्टरच्या हिशोबासाठी वर्षाची लांबी तपासायला, पण वर्षभरात तो ठिपका किती लहानमोठा होतो ते मोजल्यावर निकाल ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार म्हणणाऱ्या केपलरच्या बाजूने गेला. गॅलिलिओच्या खटल्याला तेव्हा जेमतेम बावीस वर्षं झाली होती आणि हे चाललं होतं पोपच्याच राज्यातल्या चर्चच्या जमिनीवर. शाळेत एवढं मोठं काही लागत नाही, उंच खिडकीवर काळा पुठ्ठा आणि त्याला पेन्सिलच्या टोकाएवढं भोक. ठिपक्याचा व्यास साधारण अंतर भागिले १०७ येतो, म्हणजे दोन मीटरवर दोन सेंटीमीटरला किंचित कमी. दर आठवड्याला त्याच वेळी जमिनीवर खूण करायची. भोकातून सूर्याकडे बघायचं नाही हे आधी, मध्ये आणि शेवटी सांगा.

प्रश्न: मुलं विचारतात, टीचर तुम्ही स्वतः काय मानता?

उत्तर: दोन वाक्यांत खरं सांगा आणि थांबा. भाषण दिलंत की पुढच्या निबंधात तुमचीच वाक्यं परत येतील. आणि 'देव की उत्क्रांती' असं विचारलं तर ही निवड करावीच लागते असं कोणी सांगितलं, एवढं जरूर विचारा. थिओडोसियस डोब्झान्स्की हा विसाव्या शतकातला मोठा उत्क्रांतिशास्त्रज्ञ, उत्क्रांतीशिवाय जीवशास्त्राचा अर्थच लागत नाही असं ठणकावणारा, आणि तो ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होता. पण अशा नावांची यादी करून भिंतीवर लावू नका, लगेच कोणीतरी नास्तिक शास्त्रज्ञांची यादी आणतो आणि मग क्रिकेटच्या स्कोअरसारखं मोजत बसतात.

प्रश्न: विज्ञान प्रदर्शनासाठी सातवीतल्या दोघींना दोन कुंड्या ठेवायच्यात, एकीवर रोज प्रार्थना करायची आणि दुसरीवर नाही, मग कोणती जास्त वाढते ते बघायचं. प्राचार्यांना कल्पना फार आवडलीये. मला काहीतरी खटकतंय.

उत्तर: बरोबर खटकतंय. समजा प्रार्थनेची कुंडी सुकली, तर त्या दोघी घरी काय घेऊन जाणार? आणि समजा जोमात वाढली, तर तुम्ही विज्ञानशिक्षिका म्हणून दोन कुंड्यांवरून निष्कर्ष काढू देणार? धर्माच्या बाजूनेही मत्तयच्या शुभवर्तमानात, सैतान येशूला मोहात पाडायला बघतो त्या प्रसंगात, येशूच म्हणतो की परमेश्वराची परीक्षा पाहू नको, प्राचार्यांना ते दाखवा, फायदा होईल.

हा प्रश्न मोठ्यांनीही तपासून पाहिलाय. बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवरचा अभ्यास २००६ मध्ये छापून आला, अनोळखी लोकांनी प्रार्थना केली त्याने गुंतागुंत कमी झाली नाही, उलट आपल्यासाठी प्रार्थना नक्की होतेय हे ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात ती जरा जास्तच दिसली, ५९ टक्के, बाकीच्यांत ५१-५२. याच्यावरून देवाबद्दल काही ठरत नाही, पण प्रयोगाची रचना शिकवायला हे सोनं आहे, कोणाला काय माहीत होतं याने निकाल कसा बदलतो ते मुलींना विचारा.

त्या दोघींना सरळ नाही म्हणू नका. कुंड्या दोन का, वीस का नाहीत, पाणी कोण घालतं, आणि पाणी घालणारीलाच कोणती कुंडी कुठली ते माहीत असेल तर काय, हे सगळं कागदावर लिहून आणायला सांगा. ते लिहिताना निम्म्या अडचणी त्यांच्या त्यांनाच दिसतात. मग विषय बदलून द्या, उजेडाचा रंग घ्या, लाल आणि निळा जिलेटिन कागद लावून, कुंड्या त्याच आणि वहीही तीच. प्रार्थना करायची असेल तर सगळ्याच कुंड्यांसाठी करू देत.